टोळाची बॅग

३ तारीख, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात जे घोळत राहतं ते रोज कागदावर उतरवत जा, रक्तदाबाला बरं असतं. ही शेजारीच बसली होती. म्हणाली, "फार बरं होईल डॉक्टर. कागद कंटाळत नाही, आणि माझे कानही सुटतील." डॉक्टर हसले. मी हसलो नाही. बाहेर आल्यावर हिनंच ही वही घेऊन दिली. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका असणारच. कुणी वाचायचं नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

आजची काळजी लिहितो. हिला काम मिळालंय. जमीन मोजणीच्या ऑफिसात हिनं जन्मभर नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर बायका गुडघ्यांना तेल लावतात, हिनं ड्रोन उडवायचं शिक्षण घेतलं. वर्गात सगळी पोरं नातवंडांच्या वयाची, त्यांच्यात ही पहिली आली. मग ड्रोनही घेतला. करडा रंग, चार पंखे, पोटाशी कॅमेरा. मी त्याला टोळ म्हणतो. गच्चीवरून उठतो तेव्हा तसाच भिरभिरतो आणि तशीच धडकी भरवतो. आता हीसुद्धा टोळच म्हणते.

काम असं आहे. लांब समुद्राकाठी एक दलदल आहे. तिथं पाणपक्षी दाटीवाटीनं घरटी करतात. माणूस आत शिरला की पक्षी उठतात आणि अंडी उघडी पडतात. म्हणून वरून फोटो काढायचे आणि फोटोत घरटी मोजायची. पक्षीवाल्यांनी आठवडाभरासाठी बोलावलंय. काम पसंत पडलं तर दर हंगामात बोलावतील.

"सतरा तारखेला विमानानं जायचंय," ही जेवताना म्हणाली. जसा काही कोपऱ्यावरून साबण आणायचाय.

"या वयात?"

"माझं वय मला ठाऊक आहे. तुम्ही टोळाला बॅग शिवून द्या. बाजारातली नकोय मला."

मी जन्मभर बॅगा शिवल्या आणि दुरुस्त केल्या. चेन, चाकं, मुठी, अस्तरं. त्यामुळे नाही म्हणायला जागाच ठेवली नाही तिनं. पण बॅग शिवून झाली की ती जाणार, हे मला कळत नाही असं तिला वाटतं की काय?

५ तारीख, गुरुवार

टोळाची मापं घेतली. फोम कापून त्याचा आकार कोरला आणि टोळाला आत बसवला. अगदी घट्ट, चिमटीतल्या मोत्यासारखा. मी खूश होऊन हिला हाक मारली, तर ही किंचाळलीच.

"काढा! काढा आधी! मान मोडेल त्याची!"

कॅमेऱ्याला मान असते. तो लोंबता असतो, म्हणजे टोळ कितीही हलला तरी फोटो हलत नाही. त्या मानेला दाबायचं नाही, आणि प्रवासात तिला हलूही द्यायचं नाही. तिच्यावर एक पारदर्शक टोपी घालायची, पंखे काढून वेगळे ठेवायचे, आणि टोपीभोवती फोममध्ये मोकळी जागा सोडायची.

मी म्हटलं, "दाबायचंही नाही आणि मोकळंही सोडायचं नाही. म्हणजे जावयासारखंच."

"जावयाला कुठं एवढं जपलंत तुम्ही?" ही म्हणाली.

फोम पुन्हा कापला.

बॅटऱ्या चार आहेत, आणि त्या ही मला हाताळू देत नाही. पत्र्याच्या डब्यात ठेवते. म्हणते, "पडली, आपटली, टोचलं काही, तर भडकते." भडकते म्हणजे रागावते की काय, म्हटलं. "पेटते," ही म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. असं बोलून माणूस चहा कसा ठेवू शकतो?

६ तारीख, शुक्रवार

समोर फोन दुरुस्तीचं दुकान आहे. त्या फोनवाल्याला सहज विचारलं, बॅटरी खरंच पेटते का हो?

"काका, काय सांगू!" म्हणाला, आणि सांगत सुटला. मागं त्याच्याकडे एक फुगलेली बॅटरी आली होती. उघडताना पकड लागली. आधी धूर, मग फुसकन जाळ. टेबल अजून काळं आहे, तेही दाखवलं. "पाणी ओतेपर्यंत कळलंच नाही काय झालं. नशीब मी समोरच होतो!"

रक्तदाबासाठी त्याच्याकडे जायला नको होतं.

९ तारीख, सोमवार

बॅटऱ्यांचे कप्पे शिवायचे तर माप हवं. हात लावायची परवानगी नाही, म्हणून हिनं लांबी-रुंदी-जाडी कागदावर लिहून दिली आणि मी लाकडाचे चार ठोकळे केले. बॅग शिवणाऱ्याची ही जुनी रीत. वस्तू हाताशी नसेल तर तिच्या मापाचा ठोकळा करायचा आणि त्यावर शिवायचं. पण लाकूड हलकं पडलं. भरलेली बॅग खांद्यावर कशी लोंबते ते कळेना. म्हणून ठोकळ्यांना भोकं पाडून आत खिळे ठासले, वरून लाकडाची बुचं मारली. आता वजनही जवळपास जुळलं. काळ्या रंगाचा एक हात दिला. शेजारी शेजारी ठेवले तर लांबून ओळखू येत नाहीत. स्वतःचं कौतुक वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं.

बॅटऱ्यांसाठी हिनं आग न धरणाऱ्या कापडाच्या पिशव्या मागवल्यात. एकेका पिशवीत एकेक बॅटरी. पितळी टोकांवर चिकटपट्टी, म्हणजे टोकाला टोक किंवा किल्ली लागायला नको. निम्म्यापेक्षा कमी चार्ज ठेवायच्या. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घेऊन माणसांबरोबर वर बसायचं, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत घालायच्या नाहीत. असं का ते ही सांगायला लागली, पण मी मशीनवर होतो आणि जाड शिवण चालू होती, मध्येच थांबलो असतो तर टाका चुकला असता. मान हलवली.

पण डोक्यात राहून गेलंय. पेटणारी वस्तू, आणि ती पायाशी घेऊन बसायची? हा नियम कुणी केला असेल? त्याची बायको कधी विमानात बसली नसेल.

११ तारीख, बुधवार

काहीतरी शिजतंय. आज हिनं माझं ओळखपत्र मागून घेतलं. "कशाला?" तर म्हणे, "एका ठिकाणी नंबर द्यायचाय." संध्याकाळी परत केलं, वर माझा फोटो बघून हसली.

मग मला बुटांच्या दुकानात नेलं. नाडीचे बूट माझे अजून उत्तम आहेत. तरी बिननाडीचे घेतले. "काढायला-घालायला बरे," म्हणाली. मी दिवसातून किती वेळा बूट काढतो-घालतो? घरात बसलेल्या म्हाताऱ्याला बिननाडीचे बूट म्हणजे काय समजायचं ते मी समजलो. मी एकटा असणार, वाकायला मदत करायला कुणी नसणार.

घरी येऊन पुन्हा खांद्याचा पट्टा काढायला लावला. "फार आखूड झालाय, लांब करा. तुमच्या खांद्याला लावून बघा." मी म्हटलं, बॅग तुझी, खांदा माझा कशाला? "बघा म्हटलं ना." बघितलं. म्हणाली, आता बरोबर.

तिथं तिची बॅग उचलायला कुणीतरी माझ्या उंचीचा ठेवलेला दिसतोय.

१४ तारीख, शनिवार

आज मुलीचा फोन आला. हिच्याशी बराच वेळ बोलली, मग माझ्याकडे दिला. "बाबा, खिडकीशी बसायला आवडतं का हो तुम्हाला?" मी म्हटलं, खिडकीशी बसून बसूनच तर दिवस जातोय. ती हसायला लागली आणि फोन ठेवला. हल्ली माझ्यावर सगळेच हसतात.

दुपारी डॉक्टरांकडे पुन्हा नेलं. रक्तदाब ठीक निघाला. "काही हरकत नाही, खुशाल," डॉक्टर म्हणाले. मला नाही, हिला. मी काय ऐकू येत नसल्यासारखा मध्ये बसलो होतो.

येताना समोरच्या फोनवाल्याला हिनं घराची दुसरी किल्ली दिली. कुंड्यांना पाणी घालायला, म्हणाली. कुंड्यांना पाणी घालायला मी आहे ना? म्हणजे किल्ली कुंड्यांसाठी नाही. सकाळी उठलो नाही तर दार उघडायला कुणी हवं, म्हणून किल्ली.

मला वाटतं ही आठवडाभरासाठी जात नाहीये. पुढं हंगाम, मग दुसरा हंगाम, मग मुलीकडे मुक्काम. विचारायचं आहे. पण विचारलं आणि हो म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

जेवताना म्हटलं, "मला तर कुणी जबरदस्ती केली तरी विमानात बसणार नाही."

ही म्हणाली, "हो, माहितीये. भाजी घ्या."

१५ तारीख, रविवार

बॅग झाली. बाहेर कॅनव्हास, आत निळं अस्तर, कडेनं पाइपिंग, चेन जाड दातांची. टोळाचा कोनाडा, पंख्यांची पाकिटं, रिमोटचा खण, बॅटऱ्यांचे चार कप्पे. ही हात फिरवत बसली. दोनदा चेन उघडून मिटली. चेनच्या आवाजावरून कळतं गिऱ्हाईक खूश आहे की नाही.

मोठ्या बॅगेचं अस्तरही फाटलं होतं. ती विमानाच्या पोटात जाणार, म्हणून तेही बदलायला घेतलं. तळाची शिवण राहिलीय. उद्या करतो.

१६ तारीख, सोमवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार.

सकाळी हिनं माझ्यादेखत बॅटऱ्या भरल्या. टोकांवर चिकटपट्टी, एकेकीला पिशवीत घातलं, पिशव्या कप्प्यांत. वर "चारी झाल्या" म्हणून टाळी वाजवली. लहान मुलीसारखी. मग केस कापायला गेली.

मी बॅगेपाशी बसलो. बसल्या बसल्या मला दिसायला लागलं. विमानाचं दार लागलंय. ही आपली खुर्चीत बसलीय, चष्मा लावून, पायाशी बॅग. समोर बटणं, इकडे अनोळखी माणूस, तिकडे अनोळखी माणूस. फुसकन आवाज. हिला आधी कळणारच नाही, कारण ती पुस्तक वाचत असणार. आणि मी इथं, नव्या बुटांत.

मोठी बॅग शेजारीच उघडी होती. तळाची शिवण राहिली होती.

विमानाच्या पोटात माणसं नसतात, पत्रा असतो. तिथं पेटलं तर कपडे जळतील. जळू देत. नियम करणाऱ्याला हे कसं सुचलं नाही? मी चारी बॅटऱ्या पिशव्यांतून काढून जाड फोममध्ये गुंडाळल्या, अस्तराच्या मागं सरकवल्या आणि वरून शिवण घातली. दुहेरी मेणदोरा. माझी शिवण उसवत नाही. आणि त्या पिशव्यांत ठोकळे भरले. खिळ्यांमुळे वजन जवळपास सारखं. तिथं पोचल्यावर फोन करून सांगेन, अस्तर काप आणि घे. रागावेल. लांबून रागावेल, तेवढं चालेल.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. डॉक्टर म्हणाले सगळं उतरवा, म्हणून लिहितो. दोरा तोडताना असं मनात आलं की मधेच कुणी बॅटऱ्या पकडल्या तर बरंच, हिला परत यावं लागेल. आलं तसं घालवलं. पण आलं होतं.

ही केस कापून आली. बारीक कापलेत. "कशी दिसते?" मी म्हटलं, चांगली. मग ती मोठी बॅग आतल्या खोलीत नेऊन कपडे भरत बसली.

१७ तारीख, मंगळवार

विमानात बसून लिहितोय. हो, विमानात. मी.

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी टॅक्सी आली. मी मोठी बॅग खाली नेऊन ठेवली आणि निरोप द्यायला फाटकाशी उभा राहिलो. समोरून फोनवाला ओरडला, "काका, खिडकीची जागा सोडू नका हं!"

"कसली खिडकी?" मी म्हटलं.

ही टॅक्सीत बसून पलीकडे सरकली. "या आत. टोळाची बॅग घ्या मांडीवर."

"मी कशाला? मी काय विमानतळापर्यंत?"

"विमानतळापर्यंत, मग विमानात, मग दलदलीपर्यंत. तुमचं तिकीट काढलंय. कपडे मोठ्या बॅगेत आहेत, माझ्या कपड्यांखाली."

मी फाटक धरलं. "आणि हे मला आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही चार दिवस संडासातून बाहेर आला नसता. चला, मीटर पळतोय."

टॅक्सीवाला मान वळवून म्हणाला, "बसा काका. माझ्या बायकोनं मला कधी बाजारातसुद्धा नेलं नाही."

बसलो. ओळखपत्र, बूट, पट्टा, डॉक्टर, किल्ली, एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसायला लागली. आनंद झाला की भीती वाटली, सांगता येत नाही. दोन्ही एकाच जागी असतात. आणि एकदम मोठी बॅग आठवली. ती मागं डिकीत.

मी जरा वेळानं विचारलं, अगदी सहज, "काय गं, त्या बॅटऱ्या वर का घ्यायच्या म्हणालीस?"

"मशीनवर होतात तेव्हा सांगितलं की. ऐकलं नव्हतंत ना? मला वाटलंच." ही शांतपणे म्हणाली. "वर माणसं असतात. धूर निघाला तर कुणालातरी दिसतो, पाणी ओततात, विझवतात. खाली पोटात पेटली तर बघायला कुणी नाही. वास येईपर्यंत उशीर झालेला असतो."

नशीब मी समोरच होतो, असं फोनवाला म्हणाला होता. मी तेव्हा फक्त जाळ ऐकला.

मी तोंड उघडलं. पुढं टॅक्सीवाला, शेजारी ही, खिडकीतून वारा. हिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "घाबरू नका, मी आहे." मी मनात म्हटलं, उतरलो की सांगू. उतरल्यावर म्हटलं, आत गेलो की सांगू. आत एवढी मोठी जागा, एवढी माणसं, सगळ्यांना कुठं जायचं ते माहीत. ही पुढं, मी बॅग ओढत मागं. रांग सरकत होती आणि मला वाटत होतं, रांगेनं थोडं थांबावं.

आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं मोठी बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि पाठ केल्यासारखं विचारलं, "या बॅगेत बॅटरी, पॉवर बँक, लायटर, असं काही आहे का?"

"नाही," ही म्हणाली. ठणठणीत. जन्मभर नकाशावर हिची एक रेघ चुकली नाही, तसा तो आवाज. "ड्रोन आहे आमच्याकडे. त्याच्या चारी बॅटऱ्या हातातल्या बॅगेत आहेत."

मुलगी चिठ्ठी चिकटवायला लागली.

"आहे," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या बॅगेत आहेत. अस्तराच्या मागं. मी ठेवल्यात. हिला माहीत नाही. हिला काही बोलू नका."

ही म्हणाली, "अहो, काहीतरी काय? मी स्वतः भरल्यात." आणि टोळाची बॅग उघडून एक पिशवी काढली, पिशवीतून ठोकळा काढला. हातात धरून बघतच राहिली. काळा रंग कोपऱ्यावरून थोडा गेला होता, लाकूड दिसत होतं.

"हे काय आहे?" मुलीनं विचारलं.

"लाकूड," मी म्हटलं. आणि लपवालपवी नको म्हणून, "आत खिळे आहेत."

मुलीचा चेहरा बदलला. तिनं साहेबांना बोलावलं. साहेब आले. मोठी बॅग बाजूला घेऊन उघडली. मी सांगत होतो, मी बॅगा शिवतो, हे मापाचे ठोकळे आहेत, आणि जितकं सांगावं तितका ऐकणाऱ्यांचा संशय वाढत होता. शेवटी साहेब म्हणाले, "बोलू नका, काढून दाखवा." मुलीनं छोटी कात्री दिली. मी गुडघ्यांवर बसलो आणि माझीच शिवण उसवायला लागलो. दुहेरी मेणदोरा. कात्री घसरत होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, सोनं आहे का आत?" दुसरं कुणी म्हणालं, "आमचं विमान चुकलं तर तुमच्या खांद्यावर बसून जायचं का?" घामानं चष्मा घसरला. मग शेजारी कुणी गुडघे टेकले, बघतो तर ही. अस्तर ताणून धरलं तिनं, म्हणजे दोरा कापायला सोपा जावा.

चारी बॅटऱ्या निघाल्या. साहेबांनी एकेक उलटीसुलटी केली. फुगलेली नाही ना, चिरलेली नाही ना, त्यावरचा आकडा नियमात बसतो ना. चिकटपट्ट्या जागेवर होत्या. "ह्या नेता येतील," म्हणाले. "बरोबर घेऊन. आणि काका, तुम्ही सांगितलंत म्हणून. नाहीतर यंत्रात दिसलं असतं, आणि मग वेगळी गोष्ट झाली असती." ठोकळे मात्र वर नेता येणार नाहीत, खिळे आहेत. ते मोठ्या बॅगेत गेले, उसवलेल्या अस्तरामागं, बॅटऱ्यांच्याच जागी.

पुढच्या रांगेत ही माझ्यापुढं उभी होती. बारीक कापलेले केस, मान ताठ. वळली नाही, पण म्हणाली, "का?"

"तुझ्या पायाशी आग नको म्हणून."

रांग दोन पावलं सरकली. मग, "मला सांगितलं का नाहीत?"

"तू ऐकलं नसतंस. आणि तू तरी मला तिकिटाचं कुठं सांगितलंस?"

"ते तुमच्या भल्यासाठी."

"हे तुझ्या भल्यासाठी."

ती वळली. डोळे ओले होते, पण ओठाचा एक कोपरा हलत होता. टोळाची बॅग तिनं माझ्या गळ्यात घातली. पट्टा बरोबर माझ्या मापाचा. "घ्या," म्हणाली, "आता बसा तुम्हीच पायाशी घेऊन. आणि बूट काढा, तपासणी आहे."

बिननाडीचे. चटकन निघाले.

आता बॅग माझ्या पायांमध्ये, पुढच्या खुर्चीखाली आहे. मी मधूनमधून वाकून हात लावून बघतो. गार आहे. खिडकीबाहेर ढग आहेत, पण माझं तिकडे लक्ष नाही. ही पुस्तक वाचता वाचता झोपली. पुस्तक मी धरून ठेवलंय.

१९ तारीख, गुरुवार

काल वारा होता, उडवलं नाही. आज उडवलं.

टोळ उतरायला जमिनीवर एक गोल कापड पसरतात, नाहीतर माती पंख्यांत जाते. पण वाऱ्यानं कापडच उडायला लागलं. दगड शोधावेत तर चिखलाशिवाय काही नाही. पक्षीवाला पोरगेला माणूस, कपाळाला हात लावून उभा. ही मला म्हणाली, "ते आणा." मला आधी कळेना. मग कळलं. चार ठोकळे, कापडाच्या चार बाजूंना. आतल्या खिळ्यांनी कापड जागचं हललं नाही.

"हे कुठून घेतले?" पक्षीवाल्यानं विचारलं.

"घरी बनवून घेतले," ही म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

टोळ वर गेला. मी खाली उभा राहून घाबरत होतो. खाली उभं राहून घाबरणं बरं असतं, वर बघता येतं.

२२ तारीख, रविवार

फोटो नीट आले. पक्षीवाले म्हणतात, हिच्या फोटोत घरटं नि गवताचा पुंजका वेगळे कळतात. पुढच्या हंगामाचं विचारलंय. हिनं लगेच हो म्हटलं नाही. म्हणाली, "घरी विचारून सांगते." घरी म्हणजे कुणाला? मुलीला विचारणार असेल.

आज तिनं मला पडद्यावर दाखवलं. एकेका घरट्यावर एकेक पक्षी बसलेला. ऊन असलं तरी उठत नाही. दुसरा येतो, मग हा उठतो, मग तो बसतो. मी म्हटलं, असं किती दिवस? ती म्हणाली, "पिल्लू निघेपर्यंत. आळीपाळीनं."

बॅगेचा एक टाका सुटल्यासारखा वाटला. नव्हता. दोनदा बघितलं.

२४ तारीख, मंगळवार

परत निघालो. सकाळी मी म्हटलं, "चल, भरून घे बॅग." ती आरशासमोर केस विंचरत होती. म्हणाली, "तुम्ही भरा."

"बॅटऱ्यासुद्धा?"

"बॅटऱ्यासुद्धा."

तिनं मागं वळून बघितलंही नाही. मी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. चार्ज बघितला, निम्म्याहून कमी. टोकांवर नवी चिकटपट्टी लावली, एकेकीला पिशवीत घातलं, पिशव्या कप्प्यांत. कॅमेऱ्याच्या मानेला टोपी घातली. ठोकळे मोठ्या बॅगेत, उघडे, कपड्यांवर, कुणालाही दिसतील असे. अस्तर तसंच उसवलेलं आहे. घरी गेल्यावर शिवीन. कदाचित तिथं कप्पाच करीन, चेनचा.

वाटेत मी म्हटलं, "पुढच्या हंगामाचं मुलीला विचारलंस का?"

"मुलीला कशाला?" ही म्हणाली. "विमानात कोण बसणार नाही म्हणालं होतं, त्याला विचारायचंय."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. उत्तर देणारच होतो, पण तेवढ्यात विमानतळ आला.

काउंटरवर दुसरी मुलगी होती. मोठी बॅग पट्ट्यावर ठेवली. तिनं तेच विचारलं, पाठ केल्यासारखं, "या बॅगेत बॅटरी वगैरे काही आहे का?"

ही मागं सरकली. माझ्याकडे वळून उभी राहिली, हातावर हात ठेवून.

मी खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला. म्हटलं, "नाही. चारी माझ्याजवळ आहेत. आणि पुढच्या वेळीही माझ्याजवळच असतील."

मुलीला ते कळलं नाही. तिनं चिठ्ठी चिकटवली.